बेंच पॉवर सप्लायने बॅटरी चार्ज करताय? मग लाईट गेल्यावर काय होतं ते आधी वाचा

यूपीएस दोन मिनिटंही टिकत नाही. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीला चावी लावली की नुसतं टिकटिक ऐकू येतं. बॅटरी मेलेली नसते, पार उतरलेली असते. तिला चार्ज करायला घरात चार्जर नसतो, पण इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या घरात टेबलावर एक डबा हमखास असतो. दोन आकडे दाखवणारा, दोन-चार नॉब असलेला, ३० व्होल्ट आणि ५ अँपिअरचा बेंच पॉवर सप्लाय. इंजिनिअरिंगच्या पोरांचा, मोबाईल रिपेअरिंगवाल्यांचा रोजचा सोबती. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळणारा.

मग डोक्यात येतं की लाल वायर प्लसला, काळी मायनसला लावली की झालं. व्होल्टेज तर आपल्या हातात आहे.

खरंच होतं का असं? होतं. नीट केलं तर गॅरेजमधल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या चार्जरपेक्षा चांगलं होतं, कारण त्या चार्जरला बॅटरी भरली की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. पण बेंच सप्लाय चार्जर म्हणून बनवलेला नाही, आणि चार्जरमध्ये ज्या दोन-तीन गोष्टी गुपचूप काम करत असतात त्या याच्यात नसतात. त्या आपल्याला करायला लागतात. नाही केल्या तर कधी सप्लाय जळतो, कधी बॅटरी फुगते, आणि नशीब फारच वाईट असेल तर बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर उडतं.

आधी बॅटरीच्या पोटात बघू

लेड ॲसिड बॅटरी ही चार्ज करता येणाऱ्या बॅटऱ्यांमधली सगळ्यात जुनी. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर लेड डायऑक्साइड, आणि मध्ये पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज केली की हे सगळं उलटं फिरतं.

अशा एका सेलचे साधारण २ व्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवली तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आली तर ती जवळपास रिकामी समजायची. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम पाऊण व्होल्टाचं अंतर आहे. १२ दाखवतेय म्हणजे चांगली आहे, असं समजून अनेक जण फसतात ते इथंच.

रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं आणि पुढे ते चार्जिंगलाही दाद देत नाही. याला सल्फेशन म्हणतात. महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडलेल्या बॅटऱ्या मरतात त्या बहुतेक याच कारणाने, म्हणून उतरलेली बॅटरी लवकर चार्ज करणं महत्त्वाचं.

दोन नॉब, दोन वेगळी कामं

बेंच सप्लायला व्होल्टेजचा नॉब असतो आणि करंटचा. करंटचा नॉब म्हणजे इतका करंट पाठव असा हुकूम नाही, याच्या वर जाऊ नकोस अशी मर्यादा आहे. उतरलेली बॅटरी लावली की ती अधाशासारखी करंट मागते. सप्लाय म्हणतो, मर्यादेपेक्षा जास्त देणार नाही, आणि व्होल्टेज खाली ओढलं जातं. तेव्हा पॅनलवर सीसी लिहिलेला दिवा लागतो. बॅटरी भरत गेली की व्होल्टेज हळूहळू वर चढतं, आपण ठरवलेल्या आकड्याला पोचलं की सीव्हीचा दिवा लागतो, आणि तिथून पुढे करंट आपोआप कमी होत जातो. चांगले चार्जरही मुळात हेच करतात.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. करंट कमी ठेवला की व्होल्टेज कितीही असलं तरी चालतं, असं सांगणारे भेटतात. चालत नाही. समजा व्होल्टेज ३० वर आणि करंट ०.७ अँपिअरवर ठेवला. बॅटरी भरेपर्यंत सगळं छान दिसेल. भरल्यानंतर मात्र सप्लाय थांबणार नाही, कारण त्याचे ३० व्होल्ट झालेच नाहीत. तो ०.७ अँपिअर ढकलत राहील आणि तो सगळा करंट बॅटरीतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात जाईल. पाणी घालायच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत भरल्यानंतर ढकललेल्या प्रत्येक अँपिअर-अवरमागे जवळजवळ अडीच लिटर हायड्रोजन तयार होतो. रात्रभर विसरून झोपलात तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून व्होल्टेज आधी, करंट नंतर. त्याच दिवशी भरून काढून ठेवायची असेल तर १४.४ व्होल्ट, म्हणजे सेलमागे २.४. चार्जरवर कायम लावून ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८. यूपीएसच्या सीलबंद बॅटरीच्या अंगावर हे दोन्ही आकडे छापलेले असतात, पण ते कुणी वाचत नाही. सायकल यूज म्हणजे पहिला प्रकार आणि स्टँडबाय यूज म्हणजे दुसरा. जेल प्रकारची असेल तर पहिला आकडा आणखी कमी, साधारण १४.१ धरावा.

हे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याने ते बदलतात. बॅटरी जितकी गरम, तितकं व्होल्टेज कमी हवं. १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट कमी करायचे. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात खोलीतच ४० अंश असेल तर १४.४ च्या जागी १४.० ते १४.१ पुरे. पुस्तकातला आकडा तसाच ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग करणं म्हणजे बॅटरीला ओव्हरचार्ज करणंच झालं.

करंटचा ठोकताळा सोपा आहे. बॅटरीच्या एएच आकड्याचा दहावा भाग. ७ एएचच्या यूपीएस बॅटरीला ०.७ अँपिअर, कारच्या ३५ एएचला ३.५. यापेक्षा कमी ठेवला तर फक्त वेळ जास्त लागतो.

सप्लायला वाटतं आपण फक्त द्यायचं

आता मुख्य मुद्दा. बेंच सप्लाय बनवताना गृहीत धरलेलं असतं की समोर बल्ब असेल, सर्किट असेल, मोटर असेल. म्हणजे घेणारं कुणीतरी. बॅटरी घेतेही आणि देतेही. आणि देते तेव्हा सप्लायचा करंट नॉब तिला लागू होत नाही. तो नॉब सप्लायमधून बाहेर जाणारा करंट रोखतो. बॅटरीतून आत येणारा नाही.

यातून दोन वेगवेगळे अपघात होतात, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिला अपघात लाईट जाण्याचा. महाराष्ट्रात याचं कौतुक सांगायला नको. चार्जिंग चालू आहे, लाईट गेली, सप्लाय बंद पडला. बॅटरी मात्र जोडलेलीच आहे. आता ती उलट्या दिशेने सप्लायच्या आउटपुटमध्ये करंट सोडू लागते. काही सप्लायमध्ये हा करंट किरकोळ असतो आणि बॅटरी फक्त हळूहळू उतरते. काहींमध्ये आतले ट्रान्झिस्टर किंवा कंट्रोल सर्किट यासाठी बनवलेलं नसल्यामुळे जळतं. लाईट परत आली की आणखी एक गंमत. काही डिजिटल सप्लाय चालू होताना वेगळ्याच सेटिंगवर सुरू होतात. आपण कुणी जवळ नसताना काल कुठल्यातरी प्रयोगासाठी ठेवलेले २४ व्होल्ट बॅटरीला लागले तर काय होईल? म्हणून आपला सप्लाय लाईट जाऊन आल्यावर काय करतो, हे बॅटरी न लावता एकदा प्लग काढून-घालून बघून ठेवावं. ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्शनची सोय असेल तर ती १५ व्होल्टवर लावून ठेवावी.

उलट्या करंटवर उपाय म्हणजे प्लसच्या वायरमध्ये एक डायोड. १० अँपिअरचा शॉटकी डायोड काही रुपयांत मिळतो. त्याची पट्टी असलेली बाजू बॅटरीकडे. करंट सप्लायकडून बॅटरीकडे जाईल, उलटा येणार नाही. ३ अँपिअरला तो तापतो, तेव्हा त्याला ॲल्युमिनियमचा छोटा हीटसिंक लावावा आणि प्लास्टिकला टेकू देऊ नये. डायोडमध्ये थोडं व्होल्टेज पडतं, जास्त करंटला अर्ध्या व्होल्टाच्या आसपास, आणि करंट कमी झाला की तेही कमी होतं. म्हणून सप्लायच्या डिस्प्लेकडे बघून काही ठरवू नये. मल्टीमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावायचा आणि तिथे १४.४ च्या वर जात नाही ना, ते बघायचं.

दुसरा अपघात उलट जोडणीचा. लाल-काळ्याची अदलाबदल. घाईत होते, आणि वायरी दोन्ही काळ्याच असतील तर हमखास होते. अशा वेळी बॅटरी आणि सप्लाय एकमेकांच्या विरोधात न राहता एकामागे एक जोडले जातात. बहुतेक सप्लायच्या आउटपुटला आतून एक संरक्षक डायोड उलटा बसवलेला असतो. बॅटरी त्यातून जवळपास शॉर्ट होते. ७ एएचची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये काहीशे अँपिअर देऊ शकते, कारची तर त्याहून कितीतरी जास्त. वायर लाल होईल, डायोड फुटेल, सप्लायच्या आतले पट्टे उडतील.

आणि आपण मघाशी लावलेला डायोड? तो इथं काहीच करत नाही. उलट्या जोडणीत करंटची दिशा त्याच्या सोयीचीच असते. डायोड लावलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचा सप्लाय जळतो तो असा. इथं वाचवतो तो फ्यूज. प्लसच्या वायरीवर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर, चार्जिंग करंटपेक्षा थोडा मोठा. ३ अँपिअरने चार्ज करत असाल तर ५ चा. गाडीत असतात ते पात्यासारखे फ्यूज आणि त्यांचा वायरीवरचा होल्डर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. फ्यूज बॅटरीच्या बाजूला हवा, कारण वायर मध्येच कुठे सोलली गेली आणि शॉर्ट झाली तर करंट बॅटरीकडून येणार आहे.

जोडायचं कसं

बॅटरी अजून लांब असू द्या. सप्लाय चालू करून व्होल्टेज लावा आणि ते मल्टीमीटरने तपासा, कारण स्वस्त सप्लायचे आकडे थोडे मागेपुढे असतात. मग आउटपुटची दोन टोकं एकमेकांना जोडून करंटची मर्यादा लावा. करंट लिमिट असलेल्या बेंच सप्लायला हा शॉर्ट चालतो. बॅटरीला मात्र असा शॉर्ट कधीच करायचा नाही, हे सांगायची गरज नसावी. आता आउटपुट बंद करा.

हातातली अंगठी, कडं, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. टर्मिनल आणि पाना यांच्या मध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही. डोळ्यांना चष्मा, साधा नाही, कडा झाकणारा.

बॅटरी गाडीत असेल तर मायनसची केबल आधी सोडायची, जोडताना ती शेवटी. कारण गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. मायनस आधी सुटली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

फ्यूज होल्डरमधून काढून ठेवा. मग क्लिपा बॅटरीला लावा, आधी प्लस, मग मायनस. बॅटरीवरची खूण वाचून लावा, रंगावर विसंबू नका. मल्टीमीटरने एकदा प्लस-मायनस तपासा. वायरींची दुसरी टोकं सप्लायला लावा. आता फ्यूज घाला आणि सगळ्यात शेवटी आउटपुट चालू करा. एवढा खटाटोप का, तर ठिणगी. शेवटचा जोड जिथे होतो तिथे ठिणगी पडू शकते, आणि ती बॅटरीच्या झाकणांवर पडू नये.

काढताना उलटं. आधी आउटपुट बंद, मग थोडा वेळ थांबून फ्यूज, आणि क्लिपा शेवटी. चार्जिंग संपताना बॅटरीभोवती गॅस सगळ्यात जास्त असतो, म्हणून घाई नको. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. त्याला ना रंग ना वास, आणि हलका असल्याने वर जाऊन साठतो. बंद कपाट, जिन्याखालची खोली, देवघराशेजारचा कोपरा या जागा चार्जिंगला नकोत. खिडकी उघडी, जवळ दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नाही. सीलबंद बॅटरीतून गॅस येत नाही हाही अर्धाच भाग झाला. तिच्यात बराचसा गॅस आतल्या आत पुन्हा पाणी होतो, पण जास्त ताणलं तर तिचेही व्हॉल्व्ह उघडतात.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन नाही. तो हायड्रोजन सल्फाइड, ओव्हरचार्ज होऊन तापलेल्या बॅटरीतून निघणारा विषारी वायू. मेन स्विचवरून लाईट बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. बॅटरी गार होईपर्यंत तिला हात लावू नका.

ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवत राहायचा आणि मग थेट डॉक्टर. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे, डोळ्यासाठी नाही.

भरली हे कसं कळणार?

व्होल्टेज १४.४ ला पोचलं म्हणजे बॅटरी भरली असं नाही. तिथून पुढे करंट उतरायला लागतो. तो एएच आकड्याच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागापर्यंत आला की झालं. ७ एएचला हे ०.१ अँपिअरच्या आसपास येतं. अर्धी उतरलेली ७ एएच बॅटरी ०.७ अँपिअरने भरायला हिशेबाने ५ तास दिसतात, पण शेवटचा टप्पा रेंगाळतो, तेव्हा आठेक तास धरावेत. हे काम दिवसा करावं, माणूस घरात असताना. रात्रभर ठेवायचीच असेल तर १३.६ व्होल्टवर.

दर तासाभराने बॅटरीच्या अंगाला हात लावून बघायचा. कोमट चालेल. चटका बसत असेल किंवा बाजू फुगलेल्या दिसत असतील तर तिथेच थांबा. आणि १४.४ झाल्यावर करंट कमी होत जाऊन पुन्हा वाढायला लागला तर बॅटरी आतून तापतेय. ती आणखी तापली की आणखी करंट ओढते, आणि हे चक्र आपणहून थांबत नाही.

पाणी घालायची बॅटरी असेल तर प्लेटा झाकल्या जातील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घालायचं, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. बोअरचं किंवा आरओचं पाणी नको. जोर यावा म्हणून वरून ॲसिड घालणं तर अजिबात नको. ॲसिड उडून गेलेलं नसतं, गेलेलं असतं ते पाणी.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी मात्र या डब्याचं काम नाही. तिचा दहावा भाग १५ अँपिअर होतो. ५ अँपिअरच्या सप्लायने ती भरायला ३० तासांहून जास्त लागतील, आणि तेवढा वेळ पूर्ण क्षमतेवर चालायची ताकद स्वस्त सप्लायमध्ये नसते. इन्व्हर्टर बिघडलाय आणि बॅटरी उतरून पडलीय, अशा वेळी सल्फेशन टाळण्यापुरता तात्पुरता उपाय म्हणून ठीक. तेव्हाही सप्लाय ३-४ अँपिअरवरच ठेवावा.

लिथियम बॅटरीला यातला एकही आकडा लावू नये. तिचं रसायन वेगळं, चार्जिंगचे नियम वेगळे.

आता १० व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी हातात आली तर? आधी करंट विसाव्या भागावर ठेवून तासभर बघायचं. व्होल्टेज हळूहळू १२ च्या पुढे सरकलं तर तिला संधी आहे, नेहमीप्रमाणे पुढे जावं. पण रात्रभर चार्ज करूनही बॅटरी काढल्यावर ती १०.५ च्या आसपास येऊन थांबत असेल, तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. अशा बॅटरीला १४.४ व्होल्ट लावले तर ते उरलेल्या पाच सेलमध्ये वाटले जातात. सेलमागे २.४ च्या जागी २.८८. ते पाच उकळतात आणि बॅटरी तापते. तिला आणखी एक रात्र देऊन बघू म्हणण्यात अर्थ नाही. ती बॅटरीच्या दुकानात परत द्यायची. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भाव असतो आणि नवीन घेताना तेवढे पैसे कमी होतात. भंगारवाल्याकडे टाकू नये, कारण ती फोडून ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे वापरून संपलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच गेली पाहिजे. नेताना बॅटरी उभीच ठेवा आणि दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टी लावा. डिकीत पाना-जॅकच्या शेजारी पडलेली मेलेली बॅटरीसुद्धा ठिणगी पाडण्याइतकी जिवंत असते.